एक मोठा सबवूफर की दोन लहान? आपल्या हॉलसाठी निर्णय कसा घ्यावा

दुकानात गेलं की सबवूफरची (थोडक्यात सब, म्हणजे फक्त खोल, जाड आवाज किंवा बेस वाजवणारी स्पीकरची पेटी) चर्चा इंचांवर सुरू होते आणि इंचांवरच संपते. आठ इंची घ्या, दहा इंची घ्या, परवडत असेल तर बारा. घरी आणल्यावर मात्र वेगळीच अडचण समोर येते. सोफ्याच्या एका टोकाला बसलेल्याला बेस छातीत घुमतो, मधल्याला जेमतेम ऐकू येतो आणि दुसऱ्या टोकाचा माणूस विचारतो, सब चालू आहे ना? यंत्र तेच, गाणं तेच, बदललेली असते ती फक्त बसायची जागा. म्हणून खरेदीआधी पहिला प्रश्न असा विचारावा: या खोलीत नीट बेस किती जणांना ऐकायचा आहे, आणि ते कुठे बसतात? एक मोठा की दोन लहान, याचं बरंचसं उत्तर त्यातच मिळतं. उरलेलं खोलीच्या मापात आणि बजेटमध्ये असतं.

पायरी पहिली: टेप घ्या, खोली मोजा

बेसच्या लहरी फार लांब असतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्या हिशोबाने ८० हर्ट्झची (सेकंदाला ८० कंपनांची) लहर ४.३ मीटर लांब, ४० हर्ट्झची ८.६ मीटर आणि २० हर्ट्झची तर १७ मीटरच्या पुढे. आपला हॉल या लहरींच्या मानाने लहान पडतो. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही ठरावीक स्वर खोलीत अडकून घुमत राहतात.

हे स्वर कोणते, ते काढणं सोपं आहे. ५६३ या आकड्याला फुटांतल्या मापाने भागा. समजा तुमचा हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. लांबीचा स्वर ३५ हर्ट्झ, रुंदीचा ५१, उंचीचा ५९. लांबीचा दुसरा स्वर त्याच्या दुप्पट, म्हणजे ७०. हे सगळे आकडे नेमके सबवूफरच्या कामाच्या पट्ट्यात आहेत. ते कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

परातीत पाणी घेऊन तिची एक कड दाबली तर पाणी दोन्ही कडांशी वरखाली उसळतं आणि मधोमध जवळजवळ स्थिर राहतं. पहिल्या स्वराचं खोलीत हेच होतं: भिंतींजवळ दाब सर्वात जास्त, मध्यावर जवळजवळ शून्य. आपल्याकडे सोफा बहुतेक वेळा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे लांबीच्या प्रत्येक स्वराचा जोर जिथे सर्वात जास्त, तिथेच आपण बसतो. तीन जणांच्या सोफ्यावर रुंदीचा परिणाम निराळा. मधला माणूस ५१ हर्ट्झच्या शांत पट्ट्यात बसतो आणि कडेचे दोघे त्याच्यापेक्षा बरेच उसळीत.

इथे आपल्या बांधकामाचाही वाटा आहे. अमेरिकेतल्या पुष्कळ घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकून केलेल्या असतात. त्या थोड्या हलतात आणि हलताना बेसची थोडी ऊर्जा खातात. विटांची किंवा आरसीसीची भिंत हलत नाही, ऊर्जा खात नाही, आलेली लहर जवळजवळ तशीच परत पाठवते. खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर स्लॅब. त्यामुळे परदेशी व्हिडिओत एका सबने छान समान बेस मिळालेला दिसला, तरी तो सल्ला डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटला जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या खोल्यांत चढउतार अधिक टोकदार असतात, आणि म्हणूनच एकाहून अधिक सबचा फायदाही आपल्याला जास्त जाणवतो.

पायरी दुसरी: दोन सब नेमकं काय करतात ते समजून घ्या

परातीच्या दोन्ही कडा एकाच वेळी सारख्या दाबल्या तर पाणी हिंदकळत नाही. समोरासमोरच्या भिंतींपाशी एकेक सब ठेवला आणि दोघांना एकच सिग्नल दिला, की लांबीचा पहिला स्वर असाच उठत नाही: एका टोकाचा सब त्याला जितका ढकलतो, तितकाच दुसऱ्या टोकाचा अडवतो. शिवाय दोन्ही सब आपापल्या भिंतीच्या मधोमध असतील तर रुंदीच्या पहिल्या स्वराला धक्काच बसत नाही, कारण मध्यावरून परात कलवता येत नाही. दोन पेट्यांत दोन मोठे चढउतार गेले.

हे तपासून पाहिलेलं शास्त्र आहे. हरमन या ऑडिओ कंपनीतले अभियंते टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीसमोर याच प्रश्नावर निबंध मांडला होता: सबवूफर किती असले म्हणजे पुरे? आयताकृती खोलीत चार सब चार भिंतींच्या मध्यावर किंवा चार कोपऱ्यांत ठेवले तर निकाल उत्तम मिळतो, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी जवळपास तितकाच चांगला, आणि चारच्या पुढे वाढवून विशेष पदरात पडत नाही, असं त्यांना आढळलं. ध्वनितज्ज्ञ अर्ल गेडीस यांचं मत थोडं वेगळं आहे. ते म्हणतात, सममितीच्या मागे लागू नका, तीनेक सब खोलीत विखरून ठेवा. ज्यांचा हॉल एल आकाराचा आहे किंवा एका बाजूला पॅसेजमध्ये उघडतो त्यांना हा विचार जास्त उपयोगी. एकाहून अधिक सबमुळे बैठका एकमेकींशी जुळतात, म्हणजे प्रत्येक जागी साधारण सारखाच बेस ऐकू येतो, हे मात्र दोघांनाही मान्य आहे.

बैठका जुळणं इतकं महत्त्वाचं का? कारण रिसीव्हरमधलं (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरमधलं) इक्वलायझर, म्हणजे एकेका स्वराची पातळी कमीजास्त करणारी सोय, साऱ्या खोलीसाठी एकच बदल करतं. डाव्या खुर्चीत ५० हर्ट्झ जास्त आणि उजवीकडे कमी असेल, तर एकाचं दुरुस्त करताना दुसऱ्याचं बिघडतं. सगळ्यांकडे तोच स्वर सारखाच जास्त असेल तर एका फटक्यात सगळ्यांचं काम होतं. उंचीचा ५९ हर्ट्झचा स्वर असाच असतो. सगळ्यांचे कान जमिनीपासून साधारण सारख्याच उंचीवर असल्याने तो इक्वलायझरने सहज आवरता येतो.

दोन सब एकमेकांना चिकटवून किंवा एकावर एक ठेवले तर यातलं काहीच घडत नाही. खोलीच्या दृष्टीने तो एकच सब, फक्त जोरदार. दोन घेऊन दोन्ही टीव्ही युनिटच्या एकाच बाजूला कोंबायचे असतील तर त्याच पैशात एक मोठा घ्या.

पायरी तिसरी: इंचांचा हिशोब करा

सबची ताकद तो किती हवा ढकलतो यावर ठरते: कोनचं (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ गुणिले त्याची पुढेमागे होणारी चाल. आठ इंची कोनचं कामाचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर, दहा इंचीचं ३४०, बारा इंचीचं ५०० च्या आसपास आणि पंधरा इंचीचं ८०० च्या पुढे. म्हणजे दोन दहा इंची मिळून एका बारा इंचीपेक्षा बरेच पुढे जातात, पण दोन आठ इंची मिळूनही बारा इंचीला गाठत नाहीत. चांगल्या बारा इंचीची चालही जास्त असते, तेव्हा प्रत्यक्षातला फरक या आकड्यांहून मोठाच.

नवखे लोक इथे हमखास अडकतात: संख्या वाढवल्याने सब आणखी खोल वाजत नाही. एक पेटी ३५ हर्ट्झपर्यंत जात असेल तर तसल्या दोन पेट्याही साधारण तिथपर्यंतच जातात, फक्त मोठ्याने. एक स्वरसप्तक खाली जायचं तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा ढकलावी लागते. पोर्ट (हवा आतबाहेर जाण्याचं भोक) असलेली पेटी आपल्या मर्यादेखाली सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळते, बंद पेटी १२ डेसिबलने, म्हणजे हळूहळू उतरते. खोली चारी बाजूंनी बंद असेल तर बंद पेटीला तळाशी खोलीचा थोडा आधारही मिळतो.

खोल किती हवं, हे तुम्ही काय ऐकता त्यावर ठरवा. बेस गिटारची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झची, पियानोची शेवटची पट्टी २७.५ ची आणि बहुतेक गाणी ४० च्या वरच नांदतात. स्फोट, भूकंप, अंतराळयानाचा गडगडाट असे सिनेमातले प्रसंग ३० च्या खाली उतरतात. संगीतासाठी दोन चांगले दहा इंची भरपूर झाले. सिनेमाचा तो जमीन हलवणारा थर हवा असेल तर प्रत्येक पेटी स्वतःच्या बळावर २५ च्या आसपास पोहोचणारी हवी.

पायरी चौथी: आता निवडा

एकटेच ऐकत असाल, जागा ठरलेली असेल, तर एक मोठा, दमदार सब घ्या. एका डोक्यापुरता बेस जागा बदलून आणि इक्वलायझर लावून छान जमवता येतो. त्यासाठी दुसऱ्या पेटीचा खर्च मी सुचवणार नाही.

घरातले तीन-चार जण एका ओळीत बसत असतील तर दोन सब, दहा किंवा बारा इंची, एकाच कंपनीचं एकच मॉडेल. आपल्याकडच्या बहुसंख्य हॉलसाठी माझी शिफारस हीच.

हॉल, डायनिंग आणि स्वयंपाकघर मिळून एकच उघडी जागा असेल तर सबला ती सगळी हवा हलवावी लागते, दिवाणखान्यापुरती नव्हे. तिथे आधी ताकदीचा विचार करावा लागतो. लहान पेट्यांची जोडी कमी पडेल. एक मोठा घ्या, जमल्यास पुढे दुसराही तेवढाच मोठा.

आणि बजेट इतकंच असेल की दोन घ्यायचे तर साडेसहा किंवा आठ इंची घ्यावे लागतील? मग थांबा. आज एकच चांगला दहा किंवा बारा इंची घ्या आणि वर्षभराने त्याचा जोडीदार आणा. मात्र पहिला निवडतानाच ते मॉडेल पुढे मिळत राहण्यासारखं आहे का, याची चौकशी करा. वेगवेगळ्या जातीचे दोन सब, विशेषतः एक पोर्टवाला आणि एक बंद पेटीचा, एकत्र वाजवले की तळाच्या स्वरांत त्यांच्या लहरींचा मेळ बसत नाही आणि जिथे भर पडायला हवी तिथे वजाबाकी होते. साउंडबार वापरणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. बऱ्याच साउंडबारना त्यांच्यासोबतचा एकच सब जोडता येतो. दुसरा घेण्याचा बेत असेल तर माहितीपुस्तिका आधी वाचा.

पायरी पाचवी: जागा शोधा

एक सब असेल तर जुनी युक्ती अजूनही सर्वात भरवशाची: सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा. सोफ्यावर मावला तर सोफ्यावर, जड असेल तर सोफा सरकवून त्या जागी भक्कम स्टुलावर. बेसची संथ, चढत-उतरत जाणारी चाल असलेलं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने, जिथे सब ठेवणं शक्य आहे तिथे तिथे, डोकं खाली नेऊन ऐका. जिथे सगळे स्वर सारख्या वजनाने ऐकू येतील, एखादाच घुमणार नाही आणि एखादाच गायब होणार नाही, तिथे सब ठेवा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, म्हणून ही अदलाबदल चालते. कोपऱ्यात सर्वात मोठा आवाज मिळतो, पण कोपरा खोलीतले सगळे स्वर एकदम जागे करतो, हे लक्षात असू द्या.

दोन असतील तर पहिली पसंती समोरची आणि मागची भिंत, दोन्हीकडे मधोमध. टीव्ही युनिट आणि सोफा आडवे येतात, हे मलाही ठाऊक आहे. एखाद-दोन फूट बाजूला सरकवल्याने फार बिघडत नाही. तेही जमत नसेल तर तिरक्या रेषेतले समोरासमोरचे दोन कोपरे वापरा, लांबी आणि रुंदी दोन्हींचे पहिले स्वर तिथूनही दबतात. आणि सब फक्त पुढेच ठेवता येत असतील तर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, कडेच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवा. यात लांबीचा स्वर तसाच राहतो, पण रुंदीचा पहिला स्वर मरतो. एका ओळीत बसणाऱ्यांमधला फरक मुख्यतः रुंदीमुळेच पडत असल्याने ही मांडणी वाटते त्यापेक्षा खूप चांगली निघते. दिसायलाही नीटनेटकी.

सोफा थोडा पुढे घेता आला तर नक्की घ्या. १६ फुटी खोलीत मागच्या भिंतीपासून ४ फुटांवर लांबीचा दुसरा स्वर, आपल्या कागदावरचा ७० हर्ट्झ, जवळजवळ नाहीसा होतो. एवढी जागा कुणाकडे असते? पण एक-दीड फूट पुढे आला तरी भिंतीलगतची घुसमट कमी होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

फ्लॅटचं काम निघणार असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून सबच्या संभाव्य जागांपर्यंत कन्सील्ड पाइप आणि थ्री-पिन सॉकेट आत्ताच टाकून घ्या. सिग्नलची केबल विजेच्या वायरच्या पाइपातून नेऊ नका. गुणगुण येत असेल तर सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर लावून पाहा, मग सेट-टॉप बॉक्सची अँटेना केबल काढून पाहा. बहुतेक वेळा दोष तिथे सापडतो. अर्थिंगची पिन काढून गुणगुण थांबवणं मात्र जिवावरचं काम आहे, ते कधीच करू नका.

पायरी सहावी: जुळवणी

सरासरी आकाराचे स्पीकर असतील तर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे स्वर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. त्याच्या बऱ्याच वर गेलं की बेस कुठून येतो ते कानाला कळू लागतं. अगदी छोट्या सॅटेलाइट स्पीकरांना १२० किंवा अधिक ठेवावं लागतं. अशा वेळी मागच्या भिंतीवरचा सब खटकतो, म्हणून दोन्ही पुढेच बरे.

मग एकेक सब वेगळा चालू करून दोघांची पातळी सारखी करा. रिसीव्हरला दोन सब आउट असले तरी पुष्कळ मॉडेलांत ते एकाच सिग्नलच्या दोन फांद्या असतात आणि अंतर वेगवेगळं टाकता येत नाही. तसं असेल तर दोन्ही सब बैठकीपासून सारख्या अंतरावर ठेवा, किंवा मिनीडीएसपीसारखा छोटा प्रोसेसर मध्ये जोडून जवळच्या सबला उशीर द्या. दोन्ही एकत्र वाजू लागले की आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो. दोघांचं गेन (सबवरची आवाजाची पातळी) कमी करा. प्रत्येक सब निम्म्या कष्टात चालतो आणि बेस स्वच्छ होतो, हा जोडीचा आणखी एक लाभ.

मोजमाप करायचं मनावर घ्याच. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे, सोबत यूमिक-१ सारखा कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक लागतो. एखाद्या मित्राकडे असेल तर एका संध्याकाळीपुरता मागून आणा. प्रत्येक बैठकीवर माइक ठेवून आलेख काढा आणि सगळे एकावर एक टाकून पाहा. रेषा एकमेकींना धरून चालत असतील तर जागा बरोबर. एखाद्या स्वराला फाकत असतील तर पहिल्या पायरीतला कागद काढा. तो कोणत्या मापाचा स्वर आहे ते कळलं की सब कोणत्या दिशेला सरकवायचा तेही कळतं. माइक नसेल तर ३० ते ८० हर्ट्झचे एकेक स्वर लावून फोनच्या ॲपवर बैठकांमधला फरक तरी पाहता येतो.

रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने खोली मोजून आपोआप होणारी जुळवणी) सगळ्यात शेवटी चालवा. इक्वलायझरने उंचवटे कापावेत, खड्डे भरू नयेत. १२ डेसिबलचा खड्डा भरायला ॲम्प्लिफायरला सुमारे १६ पट ताकद लावावी लागते, आणि लहरी एकमेकींना खोडत असतील तर तीही वाया जाते. खड्ड्याचा उपाय जागा बदलणं.

शेजारी आणि स्लॅब

आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निवासी भागासाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापनात. हे मापन ६३ हर्ट्झला २६ डेसिबल आणि ३१.५ हर्ट्झला तब्बल ३९ डेसिबल कमी धरतं. मीटर शांत दिसतो आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप उडते. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. खाली जाऊन त्यांना विचारा आणि रात्रीसाठी सबची वेगळी पातळी ठरवून ठेवा. सबखाली रबर किंवा फोमचा पॅड घातला की टाइलवर तो सरकत नाही आणि पेटीची थरथर थेट स्लॅबमध्ये उतरणं कमी होतं. हवेतून जाणारा बेस मात्र पॅडने अडत नाही. दोन सबचा इथेही उपयोग होतो. आपण बेसच्या खड्ड्यात बसलेलो असलो की आवाज वाढवत राहतो आणि तो वाढीव आवाज शेजाऱ्याच्या भिंतीला जातो. बेस सगळीकडे सारखा पोहोचला की कमी पातळीवरही समाधान होतं.

सगळं लागल्यावर २० ते १०० हर्ट्झ हळूहळू चढत जाणारा स्वर एकदा वाजवा आणि घरभर फिरा. शोकेसची काच, स्लायडिंग खिडकी, ग्रिल, देवघरातली घंटा, ट्यूबलाइटची पट्टी, यांतलं काहीतरी कुठल्यातरी स्वराला नक्की खडखडेल. तिथे फेल्टचा तुकडा चिकटवा, स्क्रू आवळा आणि तोच स्वर पुन्हा वाजवून खात्री करा.